आपलं ताट, त्यांचं पोट
(प्रस्तावना)

पिंपळे गुरवमधल्या कुठल्याही चिकन सेंटरवर रविवारी सकाळी थोडा वेळ थांबलं की दोन तऱ्हेची मागणी कानावर पडते. एक घरच्या जेवणाची: ‘एक किलो द्या, तुकडे मोठे ठेवा, कलेजी वेगळी बांधा.’ दुसरी अगदी थोडक्यात: ‘कुत्र्याचं द्या.’ दुकानदार पुढे काही विचारत नाही. बाजूच्या घमेल्यातले पाय, माना, पाठीचे सांगाडे, कातडी असं सगळं काळ्या पिशवीत भरतो, वजन करतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. घरी ते हळद घालून कुकरमध्ये शिजतं, त्यात आदल्या रात्रीचा भात कालवला जातो आणि ताटली खाली ठेवली जाते. हे करणारा माणूस जनावराला जीव लावणारा असतो. कित्येकदा तो चाकणहून रात्रपाळी करून आलेला असतो आणि स्वतः चहा घेण्याआधी कुत्र्याचं भांडं भरतो. त्याच्या मायेबद्दल शंका घ्यायला जागाच नाही. पण त्या पिशवीत काय आहे आणि काय नाही, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

त्या पिशवीत कातडीमुळे चरबी भरपूर आहे आणि मांस बेताचं आहे. कॅल्शियम आहे, पण ते सगळं हाडांत. शिजलेलं हाड ठिसूळ होतं, चावताना त्याच्या टोकदार कपच्या उडतात आणि त्या घशात किंवा आतड्यात रुततात. म्हणून जाणती माणसं शिजवल्यावर हाडं वेचून टाकतात. हाडं गेली की त्यांच्याबरोबर कॅल्शियमही गेलं. उरलं ते मांस, चरबी आणि भात. १०० ग्रॅम बिनहाडाच्या कोंबडीत फॉस्फरस साधारण २०० मिलिग्रॅम असतं, कॅल्शियम जेमतेम १०-१५ मिलिग्रॅम. कुत्र्याच्या शरीराला नेमकं उलटं हवं असतं, म्हणजे कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा किंचित जास्त. ते अन्नातून मिळालं नाही की शरीर आपल्याच हाडांमधून कॅल्शियम काढून रक्ताची गरज भागवतं. वाढत्या पिलात याचे परिणाम काही आठवड्यांत दिसू लागतात. पाय वाकतात, चाल लंगडी होते, सोफ्यावरून उडी मारली तरी हाड मोडतं. पिलू रोज चिकन खातंय म्हणून घरचे निर्धास्त असतात आणि आत त्याची हाडं विरळ होत असतात.

ही पुस्तिका अशा घरांसाठी आहे. पिंपळे गुरव, नवी सांगवी, पिंपळे सौदागर, कासारवाडी, दापोडी या पवनाकाठच्या वस्त्यांमध्ये प्राणी पाळणारी कुटुंबं आता गल्लोगल्ली आहेत. संध्याकाळी डायनासोर उद्यानाच्या किंवा निळू फुले रंगमंदिराच्या आसपास फेरी मारा. लॅब्रेडोर, शिह त्झू, पामेरियन, गोल्डन रिट्रीव्हर, अगदी बर्फाळ मुलखातला हस्कीसुद्धा पुण्याच्या उन्हाळ्यात धापा टाकत चाललेला दिसतो. त्यांच्याबरोबर रस्त्यावरून उचलून आणलेली आपली देशी कुत्रीही असतात, आणि त्यांचं मला फार कौतुक आहे. मांजरं दिसत नाहीत, कारण ती खिडकीच्या जाळीआड असतात. पण पशुवैद्याच्या दवाखान्यात बसलं की त्यांची संख्या कळते.

याच परिसरातल्या जुन्या माणसांना जनावराचा आहार काही नवा नाही. ज्यांच्या दावणीला कधी काळी म्हशी होत्या त्यांना विचारून पाहा. गाईला अडीच लिटर दुधामागे एक किलो खुराक, म्हशीला दोन लिटरमागे एक किलो, अंग राखायला वरचा वेगळा. गाभण असेल तर शेवटच्या महिन्यांत वाढवायचा. ओली वैरण किती, कडबा किती, खनिज मिश्रण किती, हे सगळं तोंडपाठ. पेंडीला बुरशीचा वास आला तर ती फेकायची, पैसे गेले तरी चालतील. हे ज्ञान इतकं पक्कं असण्याचं कारण साधं होतं: खुराक चुकला की दुसऱ्या दिवशी दुधाच्या मापात कळायचं.

कुत्र्याचं असं माप कधी कुणी घेतलं नाही. तो राखणीला असे, उरलंसुरलं खाई आणि बाकीची भूक गावभर हिंडून भागवी. आमच्या वेळी कुत्री भाकरतुकड्यावर जगायची, काही व्हायचं नाही, असं आजही ऐकायला मिळतं. त्या बोलण्यात एक मोठी गोष्ट निसटते. ते कुत्रं दिवसभर मोकळं होतं. शेतातला उंदीर, खाटकाच्या दुकानामागचा तुकडा, मेलेलं पाखरू, असं बरंच काही त्याच्या पोटात जाई आणि त्याचा हिशेब मालकाकडे नसे. मांजराचंही तेच. ते वाटीभर दुधावर राहतं असं घरच्यांना वाटे. प्रत्यक्षात ते माळ्यावरच्या उंदरांवर जगत होतं. आणि जी जगली नाहीत त्यांची मोजदाद कुणी ठेवली नाही.

चौथ्या मजल्यावरच्या सदनिकेत आलेल्या कुत्र्यामांजराची ही सोय संपली. दार बंद, खिडकीला जाळी, खाली जाणं दोन वेळा आणि तेही गळ्यात पट्टा घालून. त्याच्या पोटात जाणारा घास न् घास आता आपल्या हातून जातो. त्यात जे नसेल ते त्याला दुसरीकडून मिळणार नाही, आणि जे जास्त असेल ते त्याला टाळताही येणार नाही. माझ्या मते पाळीव प्राण्यांच्या आहाराचा सगळा विचार इथून सुरू व्हायला हवा.

आपल्याकडचं पशुवैद्यक घडलं ते मुख्यतः गाय, बैल, घोडा यांच्याभोवती. परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली सुरू झालं, आपल्या जवळचं शिरवळचं १९८८ साली. राज्याच्या पशुसंवर्धन आयुक्तालयाची इमारत आपल्यापासून नदीपलीकडे, औंधला. दुभत्या जनावराच्या खाद्याविषयी मराठीत वाचायला भरपूर मिळतं. घरातल्या मांजराने काय खावं हे मराठीत वाचायचं म्हटलं तर हाताशी फारसं काही लागत नाही. मग माणसं मोबाइलवर जे सापडेल ते पाहतात. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१३ साली पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या, कुत्र्यांसाठी घरी करायच्या २०० पाककृती तपासल्या. त्यांतल्या ९५ टक्के पाककृतींत निदान एक तरी आवश्यक घटक कमी पडत होता. त्यांतल्या कित्येक पाककृती पशुवैद्यांनी लिहिलेल्या होत्या, हे विशेष. तेव्हा घरचं ताजं म्हणजे आपोआप पूर्ण, ही समजूत आधी बाजूला ठेवू.

आता कुत्रा आणि मांजर यांच्यातला फरक. तो नीट कळला तर निम्मे घोळ टळतील.

कुत्रा लांडग्याच्या वंशातला, म्हणून त्याला फक्त मांसच हवं, असं आजकाल बरेच जण सांगतात. २०१३ सालीच स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये एक महत्त्वाची गोष्ट मांडली. पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या अमायलेज या विकराच्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. हजारो वर्षं माणसाच्या चुलीजवळ राहून कुत्र्याचं पोट धान्याला सरावलं आहे. मराठवाड्यातला, सोलापूरकडचा कारवानी कुत्रा पिढ्यान् पिढ्या ज्वारीच्या भाकरीवर आणि दूध-ताकावर वाढला, शिवाय रानात धावून ससे धरत राहिला. त्यामुळे भात, भाकरी, रताळं, शिजलेला भोपळा कुत्र्याला वर्ज्य नाही. मात्र ताटलीचा मोठा भाग भाताचा आणि वर चिकनच्या पाण्याचा वास, हे जेवण त्याला पुरत नाही. त्याला प्रथिनं हवीत, मेदाम्लं हवीत, जस्त, तांबं, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व हवं. आपलं शरीर उन्हातून ड जीवनसत्त्व बनवतं, तसं त्याला ते पुरेसं बनवता येत नाही. ते अन्नातूनच यावं लागतं.

मांजराची गोष्ट वेगळी आहे. ते खरंखुरं मांसाहारी आहे, आणि ते आवडीने नव्हे तर शरीररचनेने. टॉरिन नावाचा एक घटक प्राण्यांच्या मांसात, विशेषतः हृदय आणि गडद मांसात असतो. कुत्रा तो बहुतेक वेळा स्वतः बनवू शकतो, मांजराला पुरेसा बनवता येत नाही. टॉरिन कमी पडलं तर मांजराच्या डोळ्याचा पडदा झिजतो, हे १९७५ साली दिसून आलं. १९८७ साली पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं की हृदयाचा स्नायू ताणून पातळ झालेल्या मांजरांमध्ये टॉरिनची कमतरता आहे आणि ते दिलं की हृदय पुन्हा सुधारतं. त्याआधी त्या आजाराने मरणारी मांजरं पुष्कळ होती आणि त्यांतली अनेक कारखान्यातलं तयार खाद्य खाणारी होती. त्यानंतर मांजरांच्या खाद्यात टॉरिन वाढवण्यात आलं आणि तो आजार झपाट्याने कमी झाला. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. पिशवीवर काय छापलंय यावर डोळे मिटून विसंबू नये हे त्यातून कळतं, आणि चूक सापडली की विज्ञान ती दुरुस्त करतं हेही कळतं.

गाजरातलं बीटा कॅरोटिन मांजराच्या शरीरात अ जीवनसत्त्वात बदलत नाही, ते त्याला तयारच मिळावं लागतं. ॲराकिडोनिक आम्ल या मेदाम्लाचंही तसंच. म्हणून मांजराला दूध-पोळी घालणं म्हणजे त्याला उपाशी ठेवण्याचा एक हळू प्रकार आहे. बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही, त्यामुळे जुलाब होतात ते वेगळंच. कुत्र्यासाठी आणलेलं खाद्य मांजराला रोज घालणंही योग्य नाही. त्यात मांजराला पुरेल इतकं प्रथिन आणि टॉरिन असेलच असं नाही.

इथे आपल्या भागातल्या एका खास अडचणीबद्दल बोलायला हवं. एका बाजूला देहू, दुसऱ्या बाजूला आळंदी. माळकरी माणसं इथे घरोघरी आहेत. पुष्कळ घरांत मांस शिजत नाही, आणि ज्यांच्याकडे शिजतं त्यांच्याकडे श्रावणात, मार्गशीर्षातल्या गुरुवारी, एकादशीला शिजत नाही. घराचा नेम प्राण्यालाही लागतो. एकादशीला कुत्र्याच्या भांड्यात साबुदाण्याची खिचडी पडते. साबुदाण्यात पिष्टाखेरीज जवळजवळ काही नाही. श्रावण लागला की मांजराचं चिकन बंद होतं आणि दही-भात सुरू होतो. मी श्रद्धेचा आदर करणाऱ्या घरात वाढलो आहे आणि तरीही स्पष्ट लिहितो: नेम माणसाने घेतला आहे, मांजराने नाही. शाकाहारी घरात कुत्रा निरोगी राहू शकतो. अंडी, पनीर, दही, डाळी, सोयाबीन आणि पशुवैद्याने ठरवून दिलेलं खनिज-जीवनसत्त्वांचं मिश्रण, असं बसवलं तर ते जमतं. मांजराचं घरगुती शाकाहारी जेवणावर भागत नाही. ज्या घरात मांस शिजवायचं नसेल त्यांनी मांजरासाठी तयार पूर्ण आहाराची पिशवी आणावी, तिला वेगळं भांडं आणि वेगळा कोपरा द्यावा. तेही चालत नसेल तर मांजर पाळू नये. ससा पाळावा, त्याला गवत लागतं.

मांजराबद्दल आणखी एक, आणि हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. अन्न एकदम बदललं आणि मांजराने खाणं सोडलं, तर ‘भूक लागली की खाईल’ असं म्हणून वाट पाहू नये. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साठू लागते आणि ते जिवावर बेततं. खाद्य बदलायचंच असेल तर जुन्यात थोडं थोडं नवं मिसळत निदान आठवडाभर घ्यावं. कुत्र्यालाही हाच नियम.

तयार खाद्याबद्दल लोकांची दोन टोकांची मतं ऐकू येतात. एका मते ते सगळं रसायन, दुसऱ्या मते ते दिलं की जबाबदारी संपली. या धंद्याची सुरुवात लंडनमध्ये १८६० च्या सुमारास झाली. जेम्स स्प्रॅट या अमेरिकन माणसाने जहाजावरची कडक बिस्किटं खाणारी गोदीतली कुत्री पाहिली आणि कुत्र्यांसाठी बिस्किटं विकायला काढली. तिथपासून आजपर्यंत पोषणाचं शास्त्र बरंच पुढे गेलं. चांगल्या कंपनीचं ‘पूर्ण आणि संतुलित’ असं लिहिलेलं, प्राण्याच्या वयाला जुळणारं खाद्य हा धावपळीच्या घरासाठी उत्तम मार्ग आहे, असं माझं मत आहे. दोघंही सकाळी हिंजवडीला किंवा भोसरीला जाणारे असतील तर त्यांना रोज तराजू लावून स्वयंपाक जमणार नाही, आणि जमत नसल्याची टोचणी मनाला लावून घ्यायची गरज नाही. पण धोकेही आहेत. २००७ साली अमेरिका आणि कॅनडात मेलामाइन मिसळलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमुळे अनेक कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि मोठ्या प्रमाणात खाद्य परत मागवावं लागलं. २०२० च्या अखेरीस तिथेच मक्यातल्या बुरशीच्या विषामुळे, म्हणजे अफ्लाटॉक्सिनमुळे कुत्री दगावली.

बुरशीचा मुद्दा आपल्याकडे जास्त लागू आहे. मोठं पोतं फोडून किलोवर सुटं खाद्य विकण्याची पद्धत इथे सर्रास आहे. त्या सुट्ट्या खाद्याचा उत्पादनाचा दिवस कळत नाही, गट क्रमांक कळत नाही, पोतं कधी फोडलं ते कळत नाही. पावसाळ्यात हवा दमट असते, मेद खवट होतो, बुरशी धरते. चार पैसे वाचतात हे खरं, पण पेंडीचा वास घेऊन ती नाकारणाऱ्या गवळ्याची शहाणीव इथे वापरायला हवी. लहान, बंद पिशवी घ्यावी, ती पिशवी तशीच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि फोडल्यापासून महिना-सव्वा महिन्यात संपवावी.

पिशवीवरची टक्केवारी वाचतानाही एक खुबी माहीत असावी. कोरड्या खाद्यावर प्रथिनं २४ टक्के लिहिलेली असतात आणि ओल्या पाऊचवर ८ टक्के. पाहणाऱ्याला कोरडं तिप्पट पौष्टिक वाटतं. पाऊचमध्ये मात्र ८० टक्के पाणी असतं. पाणी वजा केलं तर उरलेल्या २० भागांत ८ भाग प्रथिनं, म्हणजे ४० टक्के. कोरड्यात पाणी साधारण १० टक्के, तेव्हा तिथे ९० भागांत २४, म्हणजे २७ टक्क्यांच्या आसपास. तुलना करायची ती पाणी वजा करूनच. मोठ्या जातींच्या पिलांसाठी तर वेगळं खाद्य घ्यावं, कारण त्यांना कॅल्शियम कमी पडूनही चालत नाही आणि जास्त होऊनही. पिलाचं शरीर जादा कॅल्शियम अडवू शकत नाही, त्यामुळे पूर्ण आहाराच्या वर कॅल्शियमचं सिरप ओतण्याची जी पद्धत पडली आहे तिने ग्रेट डेन, लॅब्रेडोर, जर्मन शेफर्ड यांच्या सांध्यांचं नुकसान होतं. दुकानदार देतो म्हणून सिरप घेऊ नका.

आता प्रमाणाचा विषय. या पुस्तिकेतला सगळ्यात मोठा भाग त्यावर खर्च झाला आहे आणि तो तसाच व्हायला हवा होता, कारण पिंपळे गुरवच्या सदनिकांमधलं कुत्रं उपासमारीने आजारी पडत नाही, मायेने पडतं.

नामदेवांची गोष्ट आपण सगळे लहानपणी ऐकतो. कुत्रा पोळी घेऊन पळाला आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी कशी खाशील म्हणून. प्राणिमात्रात देव पाहण्याची ही शिकवण आपल्या हाडामासात आहे आणि ती राहावी. फक्त त्या गोष्टीतला कुत्रा आठवा. तो रस्त्यावरचा, भुकेला, उन्हातान्हात हिंडणारा होता. त्याला तुपाची गरज होती. आपल्या घरातला सहा किलोचा शिह त्झू दिवसभर पंख्याखाली झोपतो. त्याला दिवसाला ४०० कॅलरीच्या आसपास पुरतात. ग्लुकोज बिस्किटांच्या १०० ग्रॅममध्ये ४५० कॅलरी असतात. सकाळच्या चहाबरोबर त्याने ५० ग्रॅमचा छोटा पुडा संपवला तर दिवसाच्या निम्म्याहून जास्त कॅलरी तिथेच झाल्या, आणि त्यातून त्याला साखर-मैद्याशिवाय काही मिळालं नाही. दुपारी आजीने तुपाची एक पोळी दिली, अजून १५० गेल्या. मग रात्री तो आपलं खाद्य हुंगून बाजूला होतो आणि घरचे म्हणतात, ‘याला डॉगफूड आवडतच नाही.’

घरात चार माणसं असली की चौघंही खायला घालतात. पहिल्या पाळीला जाणारे बाबा पहाटे देतात, आई आठला देते, मुलगा शाळेतून येऊन देतो, आजी तर दिवसभर देतच असते, आणि प्रत्येकाला वाटतं आपण एकट्यानेच दिलं. फ्रिजवर एक कागद लावा. ज्याने दिलं त्याने वेळ आणि काय दिलं ते लिहायचं. वरचा खाऊ, मग तो बिस्किट असो, गाजर असो की बाजारातला च्यूस्टिक, दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहाव्या हिश्श्यापुढे जाऊ नये. खाद्य वाटीने न मोजता स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅममध्ये मोजा. वाटी कधी शिगोशिग भरते, कधी सपाट.

कमी खाणाऱ्याचं आयुष्य वाढतं हे नुसतं म्हणणं नाही. अमेरिकेत ४८ लॅब्रेडोर पिलांच्या जोड्या लावून एकाला नेहमीचं आणि दुसऱ्याला त्याहून २५ टक्के कमी खाणं जन्मभर देण्यात आलं. २००२ साली निष्कर्ष छापून आले: बारीक राहिलेल्या कुत्र्यांचं मध्यम आयुष्य १३ वर्षं, जास्त खाणाऱ्यांचं ११.२ वर्षं. सांधेदुखीही बारीक कुत्र्यांना उशिरा आली. जवळजवळ दोन वर्षं! कुत्र्याच्या आयुष्यात दोन वर्षं म्हणजे किती, हे ज्याने कुत्रा गमावला आहे त्याला सांगायला नको. लॅब्रेडोरवाल्यांसाठी आणखी एक माहिती: केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ साली आढळलं की साधारण चारांतल्या एका लॅब्रेडोरमध्ये पोमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा नसतो, त्यामुळे पोट भरल्याची जाणीव त्याला नीट होत नाही. त्याचे केविलवाणे डोळे खरे असतात, भूक मात्र खरी असेलच असं नाही.

अंगावर मांस किती हे पाहायची रीत सोपी आहे. आपला हात पालथा पसरा आणि दुसऱ्या हाताची बोटं त्या हाताच्या पाठीवरून फिरवा; कातडीखाली हाडं लागतात. कुत्र्याच्या फासळ्या तशा लागल्या तर ठीक. मूठ वळल्यावर सांधे जसे टोचतात तशा टोचल्या तर ते रोडावलेलं आहे. तळव्याच्या मऊ बाजूसारखं लागलं आणि फासळी शोधावी लागली तर ते जाड आहे. वरून पाहिल्यावर कंबर दिसायला हवी.

आपल्या स्वयंपाकघरातल्या काही वस्तू त्यांना विषासारख्या आहेत. कांदा आणि लसूण, कच्चे, शिजलेले, वाळवून मसाल्यात घातलेले, सगळेच, त्यांच्या तांबड्या पेशी फोडतात. मांजरं याबाबतीत जास्त नाजूक. रश्शातला भात देऊ नये तो यासाठी. द्राक्षं आणि मनुकांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. शिऱ्याचा प्रसाद देताना हे आठवावं. यामागे टार्टारिक आम्ल असावं असा अंदाज आहे, आणि ते चिंचेतही असतं, म्हणून चिंचेची आमटीही नको. चॉकलेट, मद्य, साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं च्युइंगगम, फुगायला ठेवलेलं कच्चं पीठ, हेही तसंच. खाल्लं गेलंच तर लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

पक्ष्यांविषयी थोडक्यात. आपला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा त्याच्या पेरू-मिरचीची चर्चा या पुस्तिकेत नाही. बजरीगर आणि लव्हबर्ड पाळता येतात. त्यांना नुसतं राळं आणि बाजरी घातली की अ जीवनसत्त्व कमी पडतं, म्हणून पालक, कोथिंबीर, गाजर रोज द्यावं. सोसायटीखालच्या कुत्र्यांना खायला घालणाऱ्यांनी २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे जागा ठरवून, मुलांच्या खेळण्याच्या आणि जिन्याच्या वाटेपासून दूर घालावं, आणि बिस्किटांऐवजी अंडं-भात द्यावा.

पुढच्या पानांत जी कोष्टकं आहेत ती निरोगी, मोठ्या झालेल्या प्राण्यांसाठी आहेत. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, मूतखडा, गाभण मादी, दूध पिणारी पिलं यांच्यासाठी त्यांतलं काहीही परस्पर वापरू नये. घरी शिजवायचं ठरवलं तर कॅल्शियम कुठून येणार याचं उत्तर आधी द्या. अंड्याच्या एका कवचाची बारीक पूड सुमारे पाच ग्रॅम भरते आणि त्यात दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. ती किती घालायची हे प्राण्याचं वजन आणि बाकीचं जेवण पाहून पशुवैद्य ठरवतील.

वाचायला सुरुवात करण्याआधी माझी एक विनंती आहे. प्राण्याला उचलून घेऊन वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. उचलत नसेल एवढा मोठा असेल तर दवाखान्यातल्या काट्यावर न्या. तो आकडा तारीख घालून लिहा, शेजारी फासळ्या कशा लागल्या ते लिहा, आणि आठवडाभर फ्रिजवरच्या कागदावर प्रत्येक घास नोंदवा, बिस्किटासकट. तो कागद घेऊन तुमच्या पशुवैद्यांकडे जा. पुढचं प्रमाण त्या कागदावरून ठरवा.